लहान मोटार, मोठी किंमत

समजा, ईद आठ दिवसांवर आली आहे. मोर्णा नदीच्या काठी, अकोल्याच्या जुन्या शहरात तुमचे घर आहे आणि घरात साफसफाई चालली आहे. माळ्यावरून पत्र्याची एक जुनी पेटी खाली उतरते. ती उघडल्यावर आतून काय काय निघते! एक फुटका कंदील, चाचांची शाळेची पाटी, पिवळ्या पडलेल्या वह्या आणि अगदी तळाशी एक छोटीशी धातूची मोटार. तिचा रंग जागोजागी उडाला आहे. एक चाक थोडे वाकडे आहे. तेवढ्यात बाहेर कबाडीवाल्याची हाक ऐकू येते. अम्मी म्हणते, "दे ते सगळे त्याला. घरात जागा तरी होईल."

कबाडीवाला भंगार किलोने घेतो. तुमच्या मोटारीचे वजन शंभर ग्रॅमही भरणार नाही. म्हणजे तिचे चार-दोन रुपयेसुद्धा येणार नाहीत. मग ती द्यावी की ठेवावी?

घाई करू नका. आधी मोटार उलटी करा आणि तिच्या तळाशी काय लिहिले आहे ते वाचा. अक्षरे बारीक असतील, झिजलेली असतील. भिंग असेल तर भिंग घ्या. मोटारीची सगळी हकिकत त्या तळाशी असते. कारखान्याचे नाव, देशाचे नाव आणि कधी कधी मोटारीचा क्रमांकही तेथे उठवलेला असतो. ही अक्षरे वाचता यावीत म्हणून आधी थोडा इतिहास समजून घेऊ.

इंग्लंडमध्ये लिव्हरपूल नावाचे बंदर आहे. तेथे फ्रँक हॉर्नबी नावाच्या गृहस्थांचा खेळण्यांचा मोठा कारखाना होता. त्यांच्या खेळण्यातल्या आगगाड्या फार प्रसिद्ध होत्या. आगगाडी आली म्हणजे स्टेशन आले, स्टेशन आले म्हणजे बाहेर उभ्या असलेल्या मोटारी आल्या. म्हणून 1933 च्या अखेरीस या कारखान्याने सहा छोट्या वाहनांचा एक संच काढला. त्यात मोटारी होत्या, एक ट्रक होता, सामान पोहोचवणारी बंद गाडी होती, एक ट्रॅक्टर आणि एक रणगाडाही होता. पुढच्याच वर्षी, 1934 मध्ये, या खेळण्यांना 'डिंकी टॉइज' हे नाव मिळाले. मुलांना आगगाडीपेक्षा या मोटारीच जास्त आवडू लागल्या.

या मोटारी आगगाडीशेजारी शोभाव्यात म्हणून त्यांचे मापही आगगाडीवरूनच ठरले. खऱ्या मोटारीचे 43 समान भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे ही मोटार, असे साधारण प्रमाण पुढे रूढ झाले. तुम्ही जुनी ॲम्बॅसिडर मोटार पाहिली असेल. तिची लांबी सुमारे 4 मीटर 32 सेंटिमीटर होती. या प्रमाणात तिचे खेळणे केले तर ते 10 सेंटिमीटरचे होईल, म्हणजे तुमच्या तळहातावर मावेल.

दुसरी गोष्ट लंडनची आहे. तेथे 1947 मध्ये लेस्ली स्मिथ आणि रॉडनी स्मिथ या दोन मित्रांनी एक कारखाना काढला. आडनाव एकच असले तरी ते नात्यातले नव्हते. एकाच्या नावातून 'लेस' आणि दुसऱ्याच्या नावातून 'नी' घेऊन त्यांनी कारखान्याचे नाव 'लेस्नी' असे ठेवले. जॅक ओडेल नावाचे एक हुशार कारागीर त्यांना येऊन मिळाले. ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत एक गमतीचा नियम होता. जे खेळणे आगपेटीत मावेल तेवढेच शाळेत आणता येई. वडिलांनी काय करावे? त्यांनी रस्ता दाबणारे इंजीन, म्हणजे आपला रोडरोलर, पितळेचा आणि इतका लहान बनवला की तो खरोखरच आगपेटीत बसला. वर्गातल्या सगळ्या मुलांना तसाच रोलर हवासा झाला. 1953 मध्ये कारखान्याने अशी छोटी वाहने विकायला काढली. ती आगपेटीसारख्या खोक्यात मिळत आणि त्यांचे नावच 'मॅचबॉक्स' पडले. आपण माचिस म्हणतो, तेच हे. त्या स्वस्त होत्या. गरीब घरातले मूलही खाऊच्या पैशांतून एखादी घेऊ शकत असे.

तिसरे नाव अमेरिकेचे आहे आणि ते तुम्हांला माहीत असणार : 'हॉट व्हील्स'. मॅटेल या कंपनीने 1968 मध्ये पहिल्या सोळा मोटारी काढल्या. बारीक तारेचे आस आणि गुळगुळीत चाके यांमुळे त्या नारिंगी पट्टीवरून सुसाट पळत. मॅचबॉक्सच्या मोटारी दिसायला खऱ्यासारख्या, तर हॉट व्हील्सच्या मोटारी पळायला खऱ्यासारख्या, असे म्हणायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, हे सगळे विलायतेचे झाले. आमच्या अकोल्याच्या पेटीत त्यातले काय येणार? तर ऐका. त्या काळी परदेशी खेळणी भारतात आणण्यावर कडक बंधने होती. तरी ती दोन वाटांनी येत. एक वाट माणसांची होती. आखातात नोकरीला गेलेले मामू किंवा चाचा सुट्टीवर घरी येताना अत्तर, कापड आणि घड्याळ यांच्याबरोबर भाच्या-पुतण्यांसाठी एखादी मोटारही खिशात घालून आणत. दुसरी वाट साच्यांची होती. खेळणे येत नसेल, तर खेळण्याचा साचा येऊ शकतो!

1960 च्या दशकाच्या अखेरीस डिंकीचे काही जुने साचे कोलकात्याला आले. त्यांतून तेथे मोटारी ओतल्या जाऊ लागल्या आणि त्यांना नाव दिले 'निकी टॉइज'. डिंकीची निकी झाली. साचा तोच, पण रंग जाड आणि काम जरा ओबडधोबड. त्या काळच्या दुकानदाराला कोणी सांगितले असते की पुढे युरोपातले लोक या 'निकी'साठी धडपडतील, तर तो हसला असता.

आपल्या राज्यातले उदाहरण याहून जवळचे आहे. व्हीआयपी सूटकेसमुळे लोकांना माहीत असलेल्या मुंबईच्या ब्लो प्लास्ट कंपनीने 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात मॅटेल कंपनीशी करार केला. 'लिओ' या नावाखाली हॉट व्हील्सच्या मोटारी भारतात बनू लागल्या. साचे अमेरिकेचे, पण रंग आणि वरची चित्रे बहुधा इथली. जी मोटार अमेरिकेत एका रंगाची, ती इथे भलत्याच रंगाची निघे. आपल्या मुलांनी त्या मोटारी अंगणात, ओट्यावर, गल्लीतल्या मातीत मनसोक्त पळवल्या, एकमेकींवर आदळल्या आणि मोडल्या की फेकून दिल्या. आज अमेरिकेतले आणि जपानमधले संग्राहक त्याच 'लिओ' मोटारींचा शोध घेतात, कारण तसे रंग त्यांच्याकडे कधी निघालेच नाहीत. संग्राहक म्हणजे एखाद्या प्रकारच्या वस्तू आवडीने शोधून जमवणारा माणूस.

मोटार जुनी झाली म्हणजे ती महाग होते असे तुम्हांला वाटेल, पण ते खरे नाही. तसे असते तर तुमच्या घरातला फुटका कंदीलही महाग झाला असता. मग किंमत येते कुठून?

अकोल्याच्या बाजार समितीत तुरीचा हर्रास होतो, तो तुम्ही कदाचित पाहिला असेल. आवक कमी झाली की भाव चढतो आणि आवक वाढली की उतरतो. खेळण्यांचाही असाच हर्रास होतो. मराठीत त्याला 'लिलाव' म्हणतात आणि उर्दूत 'नीलाम'. हे दोन्ही शब्द एकाच पोर्तुगीज शब्दापासून आले आहेत, म्हणजे ते सख्खे भाऊ आहेत असे समजा. पण तुरीत आणि मोटारीत एक फरक आहे. तूर पुढच्या हंगामात पुन्हा पिकते. 1937 साली बनलेली मोटार पुन्हा पिकत नाही. तिची आवक दर वर्षी कमीच होत जाते. लाखो मोटारी बनल्या असतील, पण आज किती उरल्या आहेत, त्यावर भाव ठरतो.

आणि त्या कशा नाहीशा होतात, ही मोठी मजेदार गोष्ट आहे. काही मुलांनी मोडल्या. काही घर बदलताना हरवल्या. दुसऱ्या महायुद्धात धातू शस्त्रांसाठी हवा होता, तेव्हा खेळण्यांचे उत्पादन थांबले आणि जुना धातू गोळा झाला. पण सर्वांत विचित्र नाश आतूनच झाला.

या मोटारी लोखंडाच्या नसतात. चुंबक लावून पाहा, चिकटणार नाही. मुख्यतः जस्त आणि त्यात थोडे ॲल्युमिनियम, तांबे व मॅग्नेशियम असे हे मिश्रण असते. ते वितळवून पोलादी साच्यात जोराने दाबतात आणि क्षणात मोटारीचा सांगाडा तयार होतो. परंतु हे जस्त अगदी शुद्ध लागते. त्यात शिशाचा किंचितसा अंश मिसळला तरी घात होतो. सुरुवातीला काही दिसत नाही. मोटार नवी, चकचकीत असते. पण हवेतला ओलावा धातूच्या कणांच्या सांध्यांत हळूहळू शिरतो. दहा-वीस वर्षांनी रंगाखाली बारीक भेगा दिसू लागतात. मग मोटार फुगते, वाकते आणि शेवटी बोट लावताच बिस्किटासारखी चुरते. याला धातूचा रोगच म्हणतात आणि या रोगावर औषध नाही. महायुद्धापूर्वीच्या कितीतरी डिंकी मोटारी कोणी हात न लावता कपाटात ठेवल्या होत्या, तरी अशाच संपल्या. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की हा रोग लवकर वाढतो. अकोल्याचा उन्हाळा आणि त्यामागोमाग येणारा पावसाळा तुम्हांला ठाऊकच आहे. तेव्हा पत्र्याखालचा माळा ही अशा मोटारीसाठी काही चांगली जागा नव्हे.

अशा सगळ्या संकटांतून वाचलेली एखादी मोटार लिलावात आली म्हणजे काय होते पाहा. 1937 च्या सुमाराची डिंकीची एक छोटी बंद गाडी होती. तिच्यावर एका दुकानदाराच्या नावाची जाहिरात रंगवलेली होती. नवी असताना ती काही पेन्सना मिळत असे. 2008 साली इंग्लंडमध्ये ती सुमारे वीस हजार पौंडांना विकली गेली. आपल्या पैशांत तेव्हाचे पंधरा लाख रुपये धरा. त्या साच्याच्या दुसऱ्या गाड्या इतक्या दुर्मिळ नाहीत. त्या दुकानदाराचे नाव असलेली गाडी मात्र दुर्मिळ होती. म्हणजे पैसे मोटारीला मिळाले की तिच्यावरच्या दोन ओळींना, हा प्रश्नच आहे!

कधी कधी चूक महाग ठरते. हॉट व्हील्सने 1969 मध्ये एक छोटी फोक्सवॅगन व्हॅन काढायचे ठरवले. समुद्राच्या लाटांवर उभे राहण्याच्या फळ्या तिच्या मागच्या खिडकीतून बाहेर आलेल्या दाखवल्या होत्या. पण ही व्हॅन इतकी अरुंद निघाली की मोटारींना वेग देणाऱ्या यंत्रातून ती नीट जाईना. कारखान्याने तिचे रूप बदलले, फळ्या दोन्ही बाजूंना बसवल्या आणि मग ती बाजारात आणली. चाचणीसाठी बनलेल्या पहिल्या रूपातल्या थोड्याच व्हॅन मागे राहिल्या. त्यांतली गुलाबी रंगाची तर फारच दुर्मिळ. अमेरिकेतले संग्राहक ब्रूस पास्कल यांनी अशा एका गुलाबी व्हॅनसाठी सुमारे सत्तर हजार डॉलर मोजले, असे सांगतात. मुलांसाठी निरुपयोगी ठरलेली मोटार संग्राहकासाठी सर्वांत मौल्यवान ठरली.

आता खोक्याची गोष्ट. मूल नवी मोटार आणते तेव्हा पहिल्यांदा काय फेकते? खोके. म्हणून जुन्या मोटारींपेक्षा त्यांची जुनी खोकी जास्त दुर्मिळ असतात आणि मूळ खोक्यातल्या मोटारीला सुट्या मोटारीच्या कितीतरी पट किंमत येते. इंग्लंडच्या 'कॉर्गी' कंपनीने 1965 मध्ये जेम्स बाँड या चित्रपटातल्या गुप्तहेराची सोनेरी मोटार काढली. कळ दाबली की छप्पर उघडे आणि आत बसलेला नखाएवढा माणूस टुणकन बाहेर उडे. तो माणूस हरवणार हे कारखान्यालाही माहीत होते, म्हणून खोक्यात आणखी एक माणूस दिलेला असे. या मोटारी वीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या, म्हणजे दुर्मिळ मुळीच नाहीत. पण खोके, त्यातला कागद आणि दोन्ही माणसे शाबूत असलेली मोटार शोधू लागा, मग कळेल. लाखो घरांत तो नखाएवढा माणूस पलंगाखाली गेला आणि परत आला नाही.

हे सगळे कळल्यावर कोणाला वाटेल की आता आपणही मोटारी घेऊन खोक्यासकट ठेवून देऊ आणि वीस वर्षांनी श्रीमंत होऊ. माझ्या मते हा फसवा विचार आहे. सगळेच जपून ठेवू लागले तर ती वस्तू दुर्मिळ राहीलच कशी? पूर्वीच्या मोटारी महाग झाल्या, कारण त्या कोणी जपल्या नाहीत. कंपन्यांनाही हे कळले आहे. 1995 मध्ये हॉट व्हील्सने बारा मोटारींची एक खास मालिका काढली आणि प्रत्येक मोटार फक्त दहा हजार बनवली. ती शोधायला मुलांआधी मोठी माणसेच दुकानात धावली. आजही मोठ्या शहरांतल्या दुकानांत नवा माल आला की काही मोठी माणसे सगळी पाकिटे उलटीपालटी करून हवी ती मोटार काढून घेतात आणि ईदीचे पैसे घेऊन आलेल्या मुलाला उरलेल्यातून घ्यावी लागते. मला हे काही बरे वाटत नाही.

आपल्या विदर्भात चाकांच्या खेळण्याचा एक निराळाच रिवाज आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, तुमच्या शेजारची मुले चाके लावलेला लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. काही घरांत तो बैल आजोबांच्या वेळचा असतो. दर वर्षी त्याला ओढतात आणि झूल चढवतात. तो कपाटात बंद नसतो, खेळातच असतो. त्याला ओरखडे पडतात, पण त्याने त्याची किंमत घटली असे त्या घरातले कोणी म्हणत नाही. लिलावातला माणूस मात्र त्याच ओरखड्यांचे पैसे कापील.

आता पुन्हा तुमच्या पेटीतल्या मोटारीकडे या.

तिच्या तळाशी 'डिंकी', 'मॅचबॉक्स', 'लेस्नी', 'निकी' किंवा 'लिओ' यांपैकी काही दिसते का? 'इंग्लंडमध्ये बनवले' किंवा 'भारतात बनवले' अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे आहेत का? काही दिसले तर पहिले काम म्हणजे काहीच न करणे. तिला राखेने किंवा साबणाने घासू नका. मऊ, कोरड्या कापडाने वरची धूळ तेवढी टिपा. रंग उडाला म्हणून नवा रंग देऊ नका. हीच चूक सर्वांत जास्त लोक करतात. अर्धवट उडालेला मूळ रंग संग्राहकाला चालतो, नवा चकचकीत रंग चालत नाही. वाकडे चाक सरळ करायला गेलात तर आस तुटेल. आणि घरात लहान भाऊ किंवा बहीण असेल तर जुनी मोटार त्यांच्या तोंडात जाऊ देऊ नका, कारण जुन्या रंगांत शिसे असायचे आणि ते विषारी असते.

कोणी दारात येऊन "शंभर रुपये देतो" म्हणाला तर लगेच हो म्हणू नका, आणि कोणी "हिचे लाख येतील" म्हणाला तर त्यावरही विश्वास ठेवू नका. तशीच मोटार, तशाच अवस्थेत, खरोखर कितीला विकली गेली, ते पाहावे लागते. मागितलेली किंमत वेगळी आणि मिळालेली किंमत वेगळी. नकली खोकी आणि नव्याने रंगवलेल्या मोटारी असली म्हणून विकणारेही पुष्कळ असतात. खरे सांगायचे तर पेटीत सापडणाऱ्या बहुतेक मोटारींचे फार पैसे येत नाहीत.

तरी एक काम आजच करण्यासारखे आहे. संध्याकाळी अब्बा घरी आले की मोटार त्यांच्या हातावर ठेवा आणि विचारा, ही कोणाची होती? कोणी आणली? मुंबईहून आली की जिद्दाहून? कोणत्या ईदला? चाक कोणी वाकवले? ते जे सांगतील ते तारखेसह एका कागदावर लिहा. उर्दूत लिहा नाही तर मराठीत. कागदाची घडी करून मोटारीजवळ ठेवा. लिलाव करणारी माणसेसुद्धा वस्तूबरोबर तिची अशी हकिकत असली तर ती आधी वाचतात.

आणि कबाडीवाला अजून दारात उभा असेल, तर त्याला तो फुटका कंदील द्या.